दुसऱ्या हाकेचा माणूस

आमच्या धाकटीला शाळेतून घराण्याचं झाड काढून आणायला सांगितलं होतं. तिनं जेवणाच्या टेबलावर ही एवढी कार्डशीट पसरली, डाळीचं भांडं बाजूला सरकवलं, स्केचपेनचं टोपण दातांनी काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. "ओके बाबा. नेम्स."

घरात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे. ते कुणी दिलेलं नाही, मीच घेतलंय. मी बोलायला लागलो की बाकीचे ताटं उचलायला लागतात, म्हणजे सगळ्यांना मान्य असावं. तर मी घसा साफ करून वडिलांचं नाव सांगितलं, मग आजोबांचं. पणजोबांच्या नावाला इतका वेळ लावला की स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "आठवत नसेल तर बनवू नका."

आठवलं शेवटी. मुलीनं लिहिलं आणि वर मोकळ्या राहिलेल्या कागदाकडे पाहिलं.

"दॅट्स इट? ओन्ली थ्री?"

"मला दुसऱ्या एका घराण्याच्या आठ पिढ्या पाठ आहेत," मी म्हणालो. "त्या चालतील?"

"व्हूज?"

"अमेरिकेतल्या ट्रॅपनेल मंडळींच्या."

मुलीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं, डॉक्टर पेशंटशी न बोलता नातेवाइकांकडे पाहतात तसं.

त्या आठ पिढ्या मला दाऊदभाईंनी दिल्या. त्यांना अमेरिका फक्त भिंतीवरच्या नकाशात माहीत होती, तीसुद्धा नकाशाचा तो भाग कपाटामागे गेलेला असल्यामुळे अर्धीच.

ही गोष्ट साठच्या दशकातली. यूएई हे नाव अजून जन्मायचं होतं. सात शेखांची सात गावं, मध्ये वाळू, आणि वाळूत रुतलेली एखादी गाडी. शारजात रोल्लाच्या वडामागं दोन-तीन गल्ल्या सोडून एक दुमजली जुनं घर होतं. त्यात तेल शोधणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस होतं. तेल सापडत नव्हतं, त्यामुळे कागद भरपूर तयार व्हायचे. ते कागद लावायचं काम माझं. मी लावलेली फाइल पुन्हा सापडावी ही अपेक्षा साहेबलोकांनी पहिल्या महिन्यातच सोडली होती.

दाऊदभाई टायपिस्ट. बाणकोटच्या खाडीकाठच्या गावचे. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं सुक्या बोंबलासारखे, डोक्यावर काळी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. गरमीच्या दिवसांत गळ्यात टॉवेल. तो घाम पुसायला नव्हता, घामाचा थेंब कागदावर पडू नये म्हणून होता. त्यांच्या टाइपरायटरला उशीचा अभ्रा घातलेला असायचा, आणि त्यावर बायकोनं भरलेली दोन गुलाबाची फुलं. रोज सकाळी अभ्रा काढायचा, घडी घालायची, मशीनमध्ये फुंकर मारून वाळू उडवायची, बिस्मिल्ला म्हणायचं आणि सुरू. दहाही बोटं चालायची. चूक झाली तर खोडायचं नाही. कागद काढून टराटरा फाडायचा आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा. मी एकदा म्हणालो, "दाऊदभाई, एका अक्षरासाठी अख्खं पान?" तर म्हणाले, "कुलाबेकर, लुंगीला एकच भोक असतं, पण दिसायचं तेच दिसतं."

मी अलिबागकडचा, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातला. रत्नागिरीवाल्यांच्या लेखी आमचा जिल्हा म्हणजे मुंबईच्या वाटेवरचा एक थांबा, म्हणून मी कायम 'कुलाबेकर'. माझं हसन हे नाव त्यांनी फक्त गंभीर प्रसंगांसाठी राखून ठेवलं होतं.

त्यांची आणखी एक सवय होती, आणि तिच्यामुळे ते ऑफिसात बदनाम होते. पहिल्या हाकेला ते कधीच ओ देत नसत. वरच्या मजल्यावरून साहेब ओरडायचे, "दाऊद!" दाऊदभाई टाइप करत राहायचे. दुसऱ्यांदा "दाऊद!" आलं की ताबडतोब उभे. पगाराच्या दिवशी, पोस्टातून पत्रं आली की, मशिदीबाहेर कुणी हटकलं तरी तेच. आम्ही ठरवून टाकलं होतं की मशीनच्या खटखटीनं त्यांचे कान गेले आहेत. ड्रायव्हर सालेम तर एका दमात दोनदाच हाक मारायचा, "दाऊद-दाऊद", म्हणजे काम लवकर उरकायचं. पण टिफिनचा डबा कुणी नुसता हळूच उघडला, तरी कोपऱ्यातून "बांगडा आहे का रे?" असं यायचं. तेव्हा कान शाबूत होते. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

हॅस्किन्स साहेब आमचे भूगर्भवाले. साठीकडे झुकलेले, उंच, वाकलेले. दगड फोडून त्यात काय आहे ते सांगायचा त्यांचा धंदा. एका दुपारी ते एक जाड पुठ्ठ्याची फाइल घेऊन खाली आले आणि दाऊदभाईंच्या टेबलासमोर उभे राहिले. साहेबानं क्लार्कच्या टेबलासमोर उभं राहायचं, हे त्या काळी कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणाले, हे काम कंपनीचं नाही, माझं आहे, तुम्हाला नाही म्हणता येईल. ओहायो नावाच्या मुलखात त्यांची आई होती, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. नजर जवळजवळ गेलेली. तिची एकच इच्छा होती की आपल्या माहेरच्या घराण्याचं पुस्तक व्हावं आणि आपल्याला कुणीतरी ते वाचून दाखवावं. समुद्र ओलांडून आलेल्या पहिल्या माणसापासून ते तिच्यापर्यंत. बहीण तिकडून कागद पाठवत होती. साहेब ते इथं जुळवत होते. टाइप कुणी करायचं, हा प्रश्न होता.

दाऊदभाईंनी फाइल उघडली, दोन पानं पाहिली आणि एकच अट घातली, की ही फाइल कुलाबेकराच्या हाती द्यायची नाही.

साहेब गेल्यावर मला म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी वर्षांची म्हातारी, आणि अजून माहेराचं वेड. बायका तिकडेही त्याच दिसतात."

पुढं वर्षभर, ऑफिस सुटलं की तासभर ट्रॅपनेल घराणं चालायचं. दाऊदभाईंनी पहिल्याच आठवड्यात त्यांना मुसलमान करून टाकलं. त्याला कारणही होतं. त्या लोकांची नावं बघावीत तर आयझॅक, जेकब, जोसेफ, सारा, हॅना. "हे तर सगळे आपलेच," दाऊदभाई म्हणाले, "इसाक, याकूब, युसूफ, सारा. आमच्या मोहल्ल्यात या नावांची अर्धी घरं आहेत." तेव्हापासून ते तसंच म्हणायला लागले. मशीनवर जेकब, तोंडानं याकूब.

घराण्यातला पहिला थॉमस जहाजातून आला. ते दाऊदभाईंना पटलं, कारण पोटासाठी जहाजात चढणारा माणूस त्यांना ओळखीचा होता. चौथ्या पिढीतल्या सॅम्युएलवर मात्र त्यांचा राग. या सॅम्युएलनं चांगली चालती शेती विकली, बायको-पोरांना बैलगाडीत घातलं आणि डोंगर ओलांडून रानात गेला, कारण काय, तर तिकडे जमीन मोकळी आहे. "बायकोला विचारलं असेल का?" दाऊदभाई मला विचारायचे, जणू मी त्या गाडीमागून चालत होतो. "सहा पोरं, एक अंगावर पिणारं. पुढं रस्ता नाही. हा निघाला."

मी म्हणालो, "आपणही तसेच आलो की."

"आपण बायकोला घरी ठेवून आलो. तेवढी अक्कल होती." मग थोडं थांबून, "अक्कल म्हण, नाहीतर दुसरं काही म्हण."

आणि प्रत्येक मृत्यूला ते थांबायचे. कागदावर 'मरण पावला' आलं की बोटं मशीनवरून उचलायची, पुटपुटायचं, इन्ना लिल्लाहि... आणि मग पुढची ओळ. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचे मेलेले, तेही ख्रिस्ती. मी म्हणालो, अहो, यांचं दुःख करायला आता कुणी उरलेलं नाही. त्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते मी पुढं आयुष्यभर आपलं म्हणून वापरलं. ते म्हणाले, "जिवंत माणूस तक्रार करतो, म्हणून त्याचं काम कसंही केलं तरी चालतं, तो येऊन नीट करून घेतो. मेलेला येत नाही. त्याचं पहिल्याच वेळी नीट करायचं."

एकदा दुपारच्या जेवणाला सालेमनं त्या फाइलची चौकशी केली. तो फुजैराकडच्या डोंगरातला. एका माणसाचे बाप मोजायला एवढे कागद लागतात, हे त्याला खरं वाटेना. त्यानं भाकरीचा घास हातात धरून स्वतःचे सुरू केले, सालेम बिन सईद बिन राशिद बिन... चौदावर थांबला आणि घास तोंडात टाकला. हॅस्किन्स साहेब थक्क. त्यांनी कागद न बघता आपले सांगायचा प्रयत्न केला, पाचव्याला अडखळले. तेव्हा कोपऱ्यातून दाऊदभाईंनी साहेबांचे पुढचे तिन्ही सांगितले, बायकांसकट. सालेम खूष होऊन म्हणाला, "हबीबी, आता तुझे सांग."

दाऊदभाई म्हणाले, "दाऊद, अब्दुल्ला, हुसेन मियाँ." आणि डब्याचं झाकण लावलं.

"खलास?" सालेमनं विचारलं.

"खलास."

साहेबांनी विचारलं, भाऊ-बहीण? दाऊदभाई हात धुवायला गेले. ते मी पाहिलं होतं. पण मला त्यातून काही सुचलं असतं तर मी फायली नीट लावल्या नसत्या का.

मग ओहायोहून ते पत्र आलं.

घराण्याचा मधला दुवा होता जेकब. आईचा पणजोबा. चौथ्या पिढीतला सॅम्युएल, त्याचा मुलगा पाचव्या पिढीतला जेकब, आणि तिथून खाली आईपर्यंत सगळे कागद पक्के. वरही पक्के. आता बहिणीनं एका जाणकार माणसाकडून सगळं तपासून घेतलं होतं, आणि त्या जाणकारानं कळवलं होतं की घराण्याच्या जुन्या बायबलच्या पानावर, जिथं पोरांचे जन्म लिहायची त्यांची रीत, तिथं सॅम्युएलचा मुलगा जेकब दोन वर्षांचा होऊन डोंगराच्या वाटेवर वारल्याची नोंद आहे. वाटेतच पुरला. मेलेलं पोर मोठं होऊन कुणाचा पणजोबा होत नाही. तेव्हा आईचा पणजोबा जेकब हा कुणीतरी दुसराच असणार, आणि त्याच्या आई-बापाचा ठावठिकाणा नाही. पुस्तकात तसं लिहावं.

आईला ते वाचून दाखवलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, की मग मी माझ्या पोरांना आयुष्यभर खोटं सांगत आले. त्या दिवसापासून तिनं पुस्तकाचं नाव काढलं नव्हतं, आणि जेवणही कमी केलं होतं.

हॅस्किन्स साहेब दोन दिवस खाली उतरले नाहीत. तिसऱ्या दिवशी खाली आले आणि दाऊदभाईंच्या टेबलावर हातानं लिहिलेलं एक पान ठेवलं. जेकब ट्रॅपनेल. आई-वडील अज्ञात. म्हणाले, एवढं टाइप करा, आईला पाठवतो. खोट्यापेक्षा बरं.

दाऊदभाईंनी ते पान टाइप केलं नाही.

त्या ऑफिसात हे असं घडलं नव्हतं. कंपनीच्या रिपोर्टचे डोंगर त्यांनी रात्री डोळे चोळत टाइप केले होते, वेळेआधी. हे पान ड्रॉवरमध्ये गेलं. एक दिवस, दोन दिवस. मी विचारलं तर म्हणाले, रिबन बदलायचीय. मी नवी रिबन आणून दिली तर ती लांबी कमी म्हणून परत केली. तिसऱ्या दिवशी त्यांचं जेवण तसंच राहिलं. बांगडा होता.

चौथ्या दिवशी सकाळी साहेबांनी जिन्यावरून हाक मारली. दाऊदभाई उठले नाहीत. दुसरी हाक आली. उठले, ड्रॉवरमधून ते पान घेतलं, टोपी नीट केली आणि मला म्हणाले, "हसन, चल बरोबर. माझं इंग्रजी मध्येच थांबलं तर पुढं ढकल."

माझं इंग्रजी त्यांच्याहून वाईट होतं. पण नावानं बोलावलं म्हणून गेलो.

साहेबांच्या टेबलावर त्यांनी ते टाइप न केलेलं पान ठेवलं. साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. दाऊदभाईंनी टोपी पुन्हा नीट केली. मग त्यांच्या त्या ऑफिसच्या इंग्रजीत, एकेक शब्द टाइप केल्यासारखा ठेवत, म्हणाले, "सर, मी दुसरा दाऊद आहे."

साहेबांना काही कळलं नाही. मलाही नाही, त्यामुळे मी पुढं ढकलू शकलो नाही.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याआधी त्यांच्या आईला एक मुलगा झाला होता, दाऊद. तो लहानपणीच गेला. पुढच्या वर्षी हे झाले, आणि आजोबांनी तेच नाव ठेवलं, घराण्यातलं नाव वाया जाऊ नये म्हणून. आमच्याकडे असं करतात. माझ्या अलिबागच्या चुलत्याच्या घरीही दोन फातिमा झाल्या, एक कबरस्तानात आणि एक आता पुण्याला नर्स आहे. "तुमच्या सॅम्युएलचं पोर वाटेत गेलं," दाऊदभाई म्हणाले. "डोंगरापलीकडं गेल्यावर त्याला आणखी एक मुलगा झाला असेल. नाव घराण्यातलं होतं. तेच ठेवलं असेल. तुमचा तो जाणकार माणूस पोराच्या मरणाच्या ओळीवर थांबला. थांबायचं नाही. पोर जिथं पुरलं तिथून पुढं बघायचं. एक वर्ष, दोन वर्षं. ते ज्या गावात जाऊन राहिले तिथल्या चर्चच्या, त्यांच्या देवळाच्या वहीत."

साहेब म्हणाले, पण मग बायबलच्या पानावर दुसऱ्या जेकबचा जन्म का नाही? बाकी सगळ्या पोरांचा आहे.

"बायबलचं ते पान कोण लिहीत होतं?"

साहेबांनी फाइल उघडली, बायबलच्या पानाचा फोटो काढला, भिंगातून पाहिलं. अक्षर बाईचं होतं. सॅम्युएलची बायको.

दाऊदभाई म्हणाले, "त्याच नावाखाली पुन्हा तेच नाव लिहायला तिचा हात गेला नसेल, सर."

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. खिडकीला लावलेल्या ओल्या गोणपाटातून पाणी टपकत होतं. मग त्यांनी विचारलं, "आणि तुमचा तो भाऊ? पहिला दाऊद? कधी जन्मला, कधी गेला?"

दाऊदभाई म्हणाले, ते कुणी लिहिलेलं नाही. घरात त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

साहेबांनी ट्रॅपनेलच्या फाइलीतला छापील चौकटींचा एक कोरा कागद काढून त्यांच्यापुढं सरकवला. म्हणाले, आमच्या पुस्तकात अकरा दिवस जगलेलं पोरही लिहिलेलं आहे, तुम्हीच टाइप केलंय. मग हे का नाही?

जिना उतरताना मी बावळटासारखा विचारून बसलो, "दाऊदभाई, म्हणून तुम्ही पहिल्या हाकेला..."

ते जिन्यावर थांबले. लहानपणी, म्हणाले, दर ईदला मा एक वाटी शिरकुर्मा वेगळा काढायची, आणि ती फकिराला जायची. कुणाच्या नावानं, ते मोठ्या बहिणीनं सांगितलं. तेव्हापासून मा परसातून "दाऊद" म्हणाली की वाटायचं, आधी तो आठवला असणार. मग मी. "पहिली हाक त्याची," ते म्हणाले. "दुसरी आली की माझी. त्याच्या ताटातला घास उचलल्यासारखं नको. सवय झाली. तू हे सालेमला सांगू नकोस, नाहीतर तो तीनदा ओरडेल."

त्या आठवड्यात शारजाहून दोन पत्रं गेली. साहेबांचं ओहायोला, बहिणीच्या नावे. दाऊदभाईंचं खाडीकाठच्या गावाला, आईच्या नावे. आईला वाचता येत नव्हतं, वाचणार होती दाऊदभाईंची मुलगी. ते पत्र त्यांनी हातानं लिहिलं आणि चार वेळा फाडलं. टाइप केलेलं नव्हतं, तरी फाडलं. पहिल्या दाऊदबद्दल आईला आयुष्यात पहिल्यांदा काही विचारायचं होतं, आणि तेही नातीच्या तोंडून. पत्र पोस्टात टाकल्यावर म्हणाले, "म्हातारीला उगाच रडवलं असेल तर हा अमेरिकन जबाबदार."

मग दोघंही वाट बघायला लागले. साहेब वर, दाऊदभाई खाली. विमानानं पोस्ट यायची, कधी यायची, कधी बहरीनलाच राहायची. मध्ये बहिणीची एक ओळ आली की आई अंथरुणाला आहे, शोध चालू आहे. साहेबांनी ती दाऊदभाईंना दाखवली. दाऊदभाईंनी त्या दिवशी नमाजनंतर जरा जास्त वेळ हात वर धरले. मी विचारलं नाही. तेवढं मला कळत होतं.

अडीच महिन्यांनी ओहायोचं उत्तर आलं. देवळाच्या वहीत सापडला. पहिल्याच्या मरणानंतर चौदा महिन्यांनी, सॅम्युएल ट्रॅपनेल आणि पत्नी यांचा मुलगा, जेकब. वही त्या जाणकारानं पूर्वी उघडलीच नव्हती, उघडायचं कारण काय होतं? आईला वाचून दाखवलं, दोनदा. ती म्हणाली, मी सांगत होते. मग सूप मागितलं.

दाऊदभाईंनी साहेबांकडून ते 'अज्ञात' पान मागून घेतलं आणि इतक्या बारीक तुकड्यांत फाडलं, की झाडूवाला दोन दिवस कुरकुरत होता. नवं पान टाइप केलं. जेकब, पहिला. पुटपुटले, थांबले. मग जेकब, दुसरा. त्याखाली साहेबांनी एक ओळ घालायला सांगितली, की हा दुवा शारजा इथं सापडला. दाऊदभाईंनी ती ओळ तीनदा वाचली आणि पूर्णविरामावर जरा जोरात बोट मारलं. पुस्तक तयार होऊन गेलं. महिन्याभरात म्हातारीचा निरोप आला. तिनं आभार मानले होते, आणि सातव्या पानावर मावशीच्या लग्नाचं साल चुकलंय असंही कळवलं होतं. दाऊदभाईंनी हस्तलिखित काढून बघितलं. चूक साहेबांची होती. ते दिवसभर प्रसन्न होते.

बाणकोटचं उत्तर मात्र येत नव्हतं.

दरम्यान कंपनीनं ठरवलं की आमच्या भागात तेल नाही. ज्या भागात नव्हतं असं ठरलं, तिथं पुढं दुसऱ्यांना काय-काय सापडलं, तो वेगळा विषय. ऑफिस बंद. यल्ला, सामान बांधा. साहेब दुसऱ्या देशात निघाले, मला दुबईत एका दुकानात जागा मिळाली. दाऊदभाई म्हणाले, आपण परत जाणार. सॅम्युएलनं जे केलं नाही ते करतो, बायकोला विचारून बघतो. टाइपरायटर साहेबांनी त्यांनाच देऊन टाकला.

आणि शेवटच्या पोस्टात, खोक्यांवर दोऱ्या आवळत असताना, मुलीच्या अक्षरातलं निळं पत्र आलं. दाऊदभाईंनी खिडकीशी उभं राहून वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसायला घेतला, दोरा सुटला, काडी खाली पडली. पत्र माझ्या हातात दिलं. "हसन, वाच. मोठ्यानं नको."

उशीर झाला कारण आजी सांगायला तयार नव्हती, असं मुलीनं आधी लिहिलं होतं. मग एका दिवशी, तांदूळ निवडताना, आपणहून सांगायला लागली. पुढं आजीचे शब्द होते, नातीनं जसेच्या तसे उतरवलेले:

'तो सव्वा वर्षाचा होऊन गेला. पावसात गेला, आंबे संपले होते. कोंबडीला घाबरायचा. झोपला की वाकडा होऊन झोपायचा कोळंबीच्या चिंगळासारखा, म्हणून आम्ही त्याला चिंगूळ म्हणायचो. दाऊद हे नाव अकीक्याच्या दिवशी आजानं एकदा घेतलं, तेवढंच. त्याला त्या नावानं मी काय, कुणीच हाक मारली नाही. त्याला चिंगूळच माहीत होतं. तू विचारतोस तर सांगते. दाऊद अशी हाक मी आयुष्यात एकालाच मारली. तो एका हाकेला कधी आला नाही, ही गोष्ट वेगळी.'

मी पत्र परत दिलं. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "कोंबडीला घाबरायचा म्हणजे..."

दाऊदभाईंनी बांधलेला टाइपरायटर पुन्हा सोडला. अभ्रा काढला, फुंकर मारली. साहेबांनी दिलेला तो चौकटींचा कागद मशीनवर चढवला आणि लिहिलं. दाऊद, उर्फ चिंगूळ. सव्वा वर्ष. दाऊद. मध्ये एका ठिकाणी अक्षर चुकलं, मी पाहिलं. मी कान झाकायच्या तयारीत होतो. त्यांनी कागद फाडला नाही.

दोन दिवसांनी मी आणि सालेम त्यांना दुबईच्या खाडीवर पोहोचवायला गेलो. मुंबईची बोट बाहेर समुद्रात उभी, लाँचमधून माणसं तिकडं न्यायची. धक्क्यावर ट्रंका, वळकट्या, रडणारी माणसं, एजंटचा क्लार्क हातात यादी घेऊन घसा फोडत उभा. दाऊदभाई आधीच लाँचमध्ये जाऊन आपल्या ट्रंकेवर ताठ बसले होते, मांडीवर टाइपरायटर, त्यावर गुलाबाच्या फुलांचा अभ्रा. क्लार्कनं यादी वाचायला घेतली. नाव पुकारायचं, हात वर आला नाही तर पुढं जायचं, अशी त्याची घाई दिसली. हा मनुष्य पहिल्या हाकेला उठणार नाही, नाव कटणार, बोट जाणार. मी माणसांना कोपर मारत क्लार्कपर्यंत पोहोचलो, त्याला सांगायला, की या एकाला दोनदा हाक मार रे बाबा.

"दाऊद अब्दुल्ला," क्लार्क ओरडला.

मी तोंड उघडलं.

लाँचमध्ये हात वर गेला होता. सरळ, शाळेतल्यासारखा. टाइपरायटर मांडीवरून घसरायला लागला तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरला. "हाजिर," दाऊदभाई म्हणाले, आणि क्लार्क पुढच्या नावावर गेला तरी हात काही खाली घेईनात.

माझं तोंड उघडंच होतं. सालेमनं मागून ते मिटायला सांगितलं.